जीटी मारलेला स्पायडरमॅन

फर्स्ट इयरला ड्रॉइंगच्या सबमिशनची आदली रात्र ज्याने हॉस्टेलवर काढली नाही, त्याला ही डिग्री देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन पलंगांच्या मधे टेकवलेली काच, काचेखाली बल्ब (आता मोबाईलचा टॉर्च), काचेवर सीनियरची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रात्रभर पेन्सिल चालू. याला ग्लास ट्रेसिंग म्हणतात. आपण जीटी म्हणतो. माझ्या बॅचने एकाच शीटवरून जीटी मारली होती. ती शीट तरी त्या सीनियरची स्वतःची होती की त्यानेही कुणाची मारली होती, देव जाणे.

ओरलला सरांनी माझी शीट उलगडली, चष्मा वर केला आणि एका तुटक रेषेवर बोट ठेवलं. "ही हिडन लाइन कशाची?" मी शीटकडे पाहिलं, शीटने माझ्याकडे पाहिलं. शेवटी मी खरं ते सांगितलं, "सर, ती... होतीच." सर एवढे हसले की मला पास करून टाकलं. नंतर कळलं की ती चुकीची रेघ सगळ्या बॅचच्या शीटवर होती आणि एकानेही ती कुठून आली हे विचारलं नव्हतं.

मित्रांनो, हे आठवायचं कारण म्हणजे एक कार्टून सिनेमा. कार्टून म्हटलं की आमच्या रूमवरचा पुण्याचा पार्टनर चिडतो, "अ‍ॅनिमेशन म्हण रे!" बरं बाबा, अ‍ॅनिमेशन. 'स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडरव्हर्स'. जून २०२३ मध्ये आपल्याकडे इंग्रजी धरून दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. आमचे पेपर चालू होते. जो एक दिवस रिकामा मिळाला त्या दिवशी मराठीतला शो शोधण्यात मी अर्धा तास मोबाईल घासला, काही जमलं नाही, म्हणून हिंदीत पाहिला. हिंदीत त्यातल्या भारतीय स्पायडरमॅनला, पवित्र प्रभाकरला, क्रिकेटवाल्या शुभमन गिलने आवाज दिलाय. त्याने बॅटिंग चांगली करावी, एवढंच म्हणतो.

थिएटरात आमच्या रांगेतली पोरं 'चाय टी'च्या विनोदावर हसली, केसांच्या खोबरेल तेलावर हसली, इंग्रजांनी पळवलेल्या वस्तूंवर तर शिट्ट्या पडल्या. मीही हसलो. पण त्याच मुंबाटन शहरात (मुंबई अधिक मॅनहॅटन) पुढे जे घडतं, तिथे मी अडकलो तो अजून सुटलेलो नाही. परत येताना पार्टनरशी त्यावरून जे वाजलं, ते तीन सेमिस्टर पुरलं. हा लेख म्हणजे त्या भांडणातली माझी बाजू. त्याला लिहायचं असेल तर संपादकांकडे जागा मागावी.

आधी पवित्र प्रभाकर कोण ते सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं की तो या सिनेमासाठी काढलेला आहे. तसं नाही. २००४ साली गॉथम एंटरटेनमेंट नावाच्या कंपनीने मार्व्हलच्या परवानगीने 'स्पायडरमॅन : इंडिया' नावाचं कॉमिक काढलं. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग हे त्यामागचे लोक. चार अंकांत गोष्ट संपली. तो कोणत्या पद्धतीने तयार झाला हे इंजिनीअरिंगच्या पोराला समजावून सांगायची गरज नाही. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर. अंकल बेनचे भीमकाका. आंट मेची मायाकाकू. मेरी जेनची मीरा जैन. नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. आद्याक्षरंसुद्धा हलू दिली नाहीत! काच, खाली बल्ब, वर कोरी शीट. फक्त किरणोत्सारी कोळ्याच्या जागी एक योगी आणला आणि खलनायकाच्या अंगात राक्षस घातला, म्हणजे मास्तरांना वाटावं की पोराने स्वतः काढलंय.

पण जीटी मारतानाही कधी कधी हात आपोआप आपली रेघ काढून जातो. त्या कॉमिकमधला पवित्र खेड्यातला आहे. स्कॉलरशिप मिळाली म्हणून काका-काकूंबरोबर मुंबईत शिकायला येतो आणि शाळेतली पोरं त्याच्या खेडवळ कपड्यांवरून त्याला चिडवतात. न्यूयॉर्कच्या पीटरलाही पोरं चिडवायची, पण गावाहून आला म्हणून नव्हे. ही रेघ आपली आहे. मी ते कॉमिक नंतर मिळवून वाचलं आणि चिडवण्याचं ते पान पाहून पुढचं जरा वेळाने वाचलं.

कारण मी आलापल्लीचा. कॉलेजात गावाचं नाव सांगितलं की दोनच प्रतिसाद येतात. "सागवान, ना?" किंवा आवाज खाली करून, "नक्षल, ना?" सागवान खरं आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ च्या मार्चमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीकडचंच सागवान गेलं. भामरागडच्या रस्त्याला 'वनवैभव' आहे, राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ. तिथली झाडं बघायला मान मागे टाकावी लागते. पण आमच्या चौकात मराठी, तेलुगू, माडिया, बंगाली आणि हिंदी अशा पाच भाषांत उधारी मागितली जाते, ही माहिती कुणालाच नको असते. मी पहिल्यांदा एसटीने आष्टीला वैनगंगा ओलांडून, चंद्रपूर करत इथे आलो आणि मेसमध्ये "काऊन बे, भाजी संपून राहिली का?" म्हणालो, तेव्हा अख्खं टेबल हसलं होतं. पार्टनर म्हणाला, "तुमचं 'बे' ऐकलं की मारामारी चालू आहे असंच वाटतं." महिनाभर मी टेबलावर 'अरे' म्हणायचा प्रयत्न केला. जीटीच ती.

आता सिनेमातला पवित्र बघा. देखणा, केस उडवणारा, मनगटातल्या कड्यातून यो-यो सोडावा तसं जाळं सोडणारा, कळरिपयट्टूच्या ढंगाने उड्या मारणारा. त्याला स्पायडरमॅन होऊन सहा महिने झालेत आणि सगळं सोपं चाललंय असं तो स्वतःच सांगतो. गावाचं नाव नाही, स्कॉलरशिप नाही, कपड्यांवरून चिडवणं नाही. जी एक रेघ आपली होती तीच खोडरबराने पुसली. पार्टनर म्हणतो, "अरे, किती दिवस भारतीय म्हणजे गरीब खेडूत असंच दाखवायचं? दाखवला की मस्त आत्मविश्वासाचा!" मुद्दा बरोबर आहे, मी मान्य करतो. पण खेड्यातल्याला आत्मविश्वास नसतो हे त्याला कुणी सांगितलं, हे तो सांगत नाही.

रंगांबद्दल मात्र तक्रार नाही. मुंबाटन ज्या रंगांत रंगवलंय ते १९७० च्या काळातल्या इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतलेले आहेत. रंग कुठे रेघेबाहेर गेलेला, कुठे भडक, जुन्या छपाईत असायचा तसा. हे कळलं तेव्हा मला आमच्या घरची पत्र्याची पेटी आठवली. माझे आजोबा जंगल खात्याच्या लाकूड डेपोत होते. पगार झाला की ते चंद्रपूरहून माझ्या मामा लोकांसाठी इंद्रजाल आणायचे. १९६४ ते १९९० एवढी वर्षं इंद्रजाल निघत होतं, मराठीतही, आणि त्याचा राजा म्हणजे वेताळ. निम्मे अंक वाळवीने वाचले, उरलेले मी.

वेताळ हा लहानपणी मला आमच्याकडचाच वाटायचा. जंगल, कवटीची गुहा, जंगलातले लोक, ढोल. मोठा झालो तेव्हा लक्षात आलं की जंगल आमचं असलं तरी गोरा राजा बाहेरून आलेला आहे आणि जंगलातल्या माणसांना विषारी बाण घेऊन पहारा देण्यापलीकडे काम नाही. असो. आत्ता सांगायचं आहे ते वेगळंच. ली फॉकने १९३६ साली हा वेताळ काढला. तो अमर आहे असं लोकांना वाटतं, पण खरं तर बाप मेला की मुलगा बुरखा चढवतो. पहिल्या वेताळाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि तिथून वीस पिढ्या झाल्या, एकविसावा चालू आहे. मुलाला काही दुसरं करायचं होतं का, हे त्या पेटीतल्या एकाही अंकात मला सापडलं नाही. होतीच ती रेघ.

आणि इथे सिनेमा येतो. मुंबाटनमध्ये एक इमारत कोसळायला लागते. पवित्रच्या मैत्रिणीचे, गायत्रीचे, वडील इन्स्पेक्टर सिंग एका लहान पोराला वाचवायला धावतात आणि वरून ढिगारा येतो. माइल्स, म्हणजे आपला मुख्य हिरो, झेप घेऊन दोघांनाही वाचवतो. टाळ्या. मग कळतं की त्याने घोर अपराध केलाय! कारण स्पायडरमॅन लोकांची एक मोठी सोसायटी आहे, तिचा प्रमुख मिगेल ओहारा, आणि तो माइल्सला समजावून सांगतो की प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही घटना ठरलेल्या असतात. त्याचा शब्द 'कॅनन'. त्यातली एक अशी, की स्पायडरमॅनच्या जवळचा एक पोलीस अधिकारी ढिगाऱ्याखालून लहान मुलाला वाचवताना मरतो. मेलाच पाहिजे. नाही मेला तर ते जग उसवतं. आणि माइल्सचा बाप पोलिसात आहे, दोन दिवसांत कॅप्टन होणार आहे. मिगेल म्हणतो, होऊ दे जे होतंय ते. बाकीचे शेकडो स्पायडरमॅन खाली मान घालून उभे, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांचं कुणी ना कुणी गेलेलं आहे आणि त्यांनी ते सोसलेलं आहे.

मी खुर्चीत पुढे सरकलो तो इथे. पार्टनर मागे रेलून पॉपकॉर्न खात होता, कारण त्याला हे आधीपासून माहीत होतं. कॉमिकचा किडा आहे तो. त्यानेच मला सांगितलं की ही घटना खरोखर कॉमिकमधली आहे. १९७० साली, 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या ९० व्या अंकात, कॅप्टन स्टेसी असाच मरतो. वर डॉक्टर ऑक्टोपसशी मारामारी चाललेली, धुराडं कोसळतं, खाली एक पोर उभं, म्हातारा त्याला ढकलून स्वतः गाडला जातो. म्हणजे जगाचा नियम वगैरे काही नाही. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये टेबलावर बसून कुणीतरी महिन्याचा अंक पूर्ण करायला ही गोष्ट लिहिली. चांगली लिहिली. मग पन्नास वर्षं तिच्यावर काच ठेवून जीटी मारली गेली. भीमकाकासुद्धा २००४ मध्ये मुंबईत मेले, कारण १९६२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बेनकाका मेले होते.

पार्टनरचं म्हणणं असं : दुःखाशिवाय हिरो होत नाही. बेनकाका मेले नसते तर पीटर कुस्त्या खेळून पैसे कमावत बसला असता. "कॅनन काढून टाकलं तर स्पायडरमॅन उरतोच कुठे?" मला या बोलण्यात एक गफलत दिसते. बेनकाका मरतात कारण पीटरने समोरून पळणाऱ्या चोराला सोडून दिलेलं असतं. मागची चूक आणि पुढचं मरण यांना जोडणारा धागा आहे. भारतीय कॉमिकनेही तो धागा ठेवला, उलट मला तर वाटतं जास्त घट्ट केला. एका बाईवर गुंड चालून येतात, पवित्र ऐकूनही पुढे निघून जातो आणि तिच्या मदतीला गेलेले भीमकाका मारले जातात. हे वाचताना पोटात कालवतं, कारण आपणही असे निघून गेलेलो असतो. पण इन्स्पेक्टर सिंग का मरायला हवेत? त्यांनी किंवा पवित्रने काय केलं? फक्त एवढंच, की फॉर्मवर तो रकाना आहे आणि तो भरायचा आहे. असं मरण दुःख देत नाही, हजेरी लावतं.

आता मी इथे का अडकलो ते. माझा शाळेतला एक दोस्त आहे. सहावीत आम्ही एका बाकावर होतो. त्याचे बाबा पोलिसात होते. एक दिवस गस्तीवर गेले ते आलेच नाहीत. यापेक्षा जास्त लिहीत नाही, त्याला चालणार नाही. आमच्या जिल्ह्यात हे एकट्या त्याच्याच घरी झालेलं नाही. ८ ऑक्टोबर २००९ ला लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर गेला. आणि खबऱ्या ठरवून मारलेल्या गावकऱ्यांची तर कुठे सलामीही होत नाही. त्यांच्या घरी माझ्या ओळखीची पोरं आहेत, त्यांच्याबद्दल या पानावर लिहायला मला अजून जमत नाही.

तर हा दोस्त. दर वर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. त्याला आणि त्याच्या आईला पुढच्या रांगेत बसवतात. भाषणं होतात. मान देतात लोक, मनापासून देतात, मी त्यावर हसत नाहीये. पण नववीत असताना कार्यक्रमाहून परत येताना सायकल थांबवून तो म्हणाला होता, "सगळे म्हणते का बाबांच्या बलिदानानं हे झालं, ते झालं. माझा बाप गेल्यानं कोणाची स्टोरी पुढे गेली बे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही नाक्यावर जाऊन समोसे खाल्ले.

थिएटरात मिगेल जेव्हा शांतपणे सांगत होता की एका पोलिसाच्या मरणावर सगळं जग टांगलेलं आहे, तेव्हा मला ती सायकल दिसत होती. माझ्या शेजारी पॉपकॉर्न.

त्या वर्षी दिवाळीला घरी गेलो तेव्हा लॅपटॉपवर त्याला हा सिनेमा दाखवला. दाखवावा की नाही यावर मी दोन दिवस घालवले होते. तो सगळा सिनेमा गप्प बसून बघत होता. चित्रांवर खूष होता. त्याचा हात मुळात चांगला आहे, शाळेत सगळ्यांच्या सायन्सच्या वहीतल्या आकृत्या तोच काढायचा. मी त्याला आपलं ज्ञान पाजळून सांगितलं की सेकंदाला २४ फ्रेम असतात, २०१८ च्या पहिल्या भागात मुद्दाम पीटरचं चित्र दर फ्रेमला बदललं आणि नवशिक्या माइल्सचं दर दोन फ्रेमना, म्हणून सुरुवातीला तो जरा अडखळत चालल्यासारखा वाटतो, जमायला लागलं की चोवीसवर जातो. त्या भागाला ऑस्करही मिळालं. तो म्हणाला, "तू पण नागपूरले गेला तेव्हा बारावरच होता." हे त्याला फोनवर माझ्या आवाजावरून कळत असावं.

सिंगांचा सीन आला. माइल्सने उडी मारली. तो काही बोलला नाही. मग मिगेलचं भाषण झालं आणि तेव्हा त्याने एकदाच विचारलं, "म्हंजे याले वाचवाले नाही पाहिजे होतं, असं म्हनून राहिला का हा?" मी हो म्हटलं. "अन् हा पोट्टा आयकत नाही?" नाही म्हटलं. "बरं करते," म्हणाला आणि पाणी प्यायला उठला.

माझ्या मते या सिनेमाचं मोठेपण त्या 'आयकत नाही'मध्ये आहे. सुपरहिरो कमी नाहीत, वाचवणारेही कमी नाहीत. पण इथे एक पंधरा वर्षांचा पोरगा शेकडो सुपरहिरोंसमोर उभा राहून विचारतो की ही रेघ कुठून आली, आणि "होतीच" हे उत्तर घ्यायला तयार नाही. आमच्याकडे 'होतीच'ची सवय फार आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येणार आणि भामरागड तुटणार, होतंच. बाळंतिणीला खाटेवर घालून आणावं लागणार, होतंच. गडचिरोलीला बदली म्हणजे शिक्षा, असतंच. इथली गोळीबारी आपल्या हयातीत संपणार नाही, हे तर मी एवढ्या जाणत्या लोकांकडून ऐकलंय की ते भूगोलाच्या पुस्तकात छापलेलं असावं असं वाटायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती नावाचा त्यांचा मोठा नेता साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवून आला. टीव्हीवर ते बघताना बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "एवढी वर्सं लागाची का गरज होती?" त्यांच्या ओळखीचे किती गेले ते बाबांना बोटांवर मोजता येत नाहीत.

सिनेमाच्या बाजूने एवढं बोललो, आता माझं भांडण. कॅनन मोडायचं कसं, याचं सिनेमाने दिलेलं एक उत्तर असं : ग्वेनचे वडील कॅप्टन आहेत, म्हणजे नियमाप्रमाणे तेही मरणार. ते काय करतात, तर राजीनामा देतात. कॅप्टनच राहिले नाहीत तर कॅप्टन मरणार कसा! ऐकायला एकदम झकास, लॉजिक डिझाइनच्या पेपरात पूर्ण मार्क. मी दोस्ताकडे कौतुकाने पाहिलं. तो म्हणाला, "मंग घर कसं चालते त्यायचं?"

या प्रश्नाचं उत्तर सिनेमात नाही. ग्वेनचं घर सुंदर रंगांनी भरलेलं आहे, भिंतींवरून रंग ओघळत असतात, पण महिन्याच्या एक तारखेला त्या घरात काय होतं ते दिसत नाही. आणि माझ्या दोस्ताच्या घरी प्रश्न नेमका तोच आहे. बाप सेवेत असताना गेला की मुलाला अनुकंपावर नोकरी मिळू शकते. तो अठरा वर्षांचा झाला तेव्हापासून सगळे त्याला तेच सांगताहेत. काका, शेजारी, शाळेतले सर, सगळे चांगल्या मनाने. आईला वाटतं त्याने शिपाई व्हावं, बाबांसारखं. बाबांचा फोटो युनिफॉर्ममधलाच आहे, त्याच्याशेजारी दुसरा लागेल. गुहेतल्या कवटीवर हात ठेवा आणि बुरखा घाला. पण पार्टनरला जेव्हा मी हे सांगितलं आणि तो आवेशात म्हणाला, "मग त्याने सरळ नाही म्हणावं! माइल्ससारखं!" तेव्हा मला त्याचा राग आला. नाही म्हणून पुढे काय? लहान बहीण अकरावीत आहे. आमच्याकडे पगार ही चैन नव्हे. सी-सिक्स्टीत गेलेली, भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी आमच्याकडची पोरं काही कॉमिक वाचून पळत नाहीत.

तेव्हा मिगेल सरसकट चूक आणि माइल्स सरसकट बरोबर, असंही मला म्हणता येईना. दोस्ताने शिपाई होऊ नये असं माझं म्हणणं नाही. झाला तर चांगलाच होईल, पळण्यात तो माझ्यापेक्षा कायम पुढे होता. फक्त ते त्याने ठरवलेलं असावं. काचेखालच्या शीटवर होतं म्हणून झालेलं नसावं. आता हे ठरवायला त्याला किती जागा आहे, हा प्रश्न उरतोच आणि त्याचं उत्तर ना माझ्याकडे आहे, ना पार्टनरकडे, ना दीडशे-दोनशे मिनिटांच्या कुठल्या सिनेमाकडे.

पार्टनरने एक मात्र कबूल केलं, आणि ते मी इथे छापून घेतो म्हणजे त्याला पलटता येणार नाही. पवित्रला गावाहून आलेला ठेवला असता, तर त्याचा तो पूल, ते ढिगारे, ते सिंगांना वाचवणं जास्त लागलं असतं. ज्याला सगळं सोपं गेलंय त्याच्यावर पहिलं संकट येणं वेगळं, आणि ज्याला घरून निघतानाच "आपल्या लोकांचं असंच असते बाबू" म्हणून सांगितलेलं आहे त्याने ते मोडलेलं बघणं वेगळं. तसा पवित्र कुणी काढला तर तो 'काऊन बे' म्हणेल का, यावर अजून आमचं एकमत नाही. मी म्हणतो म्हणेलच. पार्टनर म्हणतो सबटायटल लागतील.

मागच्या रविवारी दोस्ताचा फोन आला होता. अनुकंपाचा अर्ज आणलाय. नाव, गाव, जन्मतारीख, बाबांचा बक्कल नंबर, सगळं भरलंय. कोणत्या पदासाठी, ती जागा तेवढी कोरी आहे. शिपाई लिहावं की लिपिक, असं विचारत होता. मी म्हटलं, मी काय सांगू बे? तो म्हणाला, सांगू नको, इकडे ये, मग बसून लिहू. शनिवारी रात्रीच्या गाडीने जातोय. सोमवारच्या प्रॅक्टिकलला कुणीतरी माझी हजेरी लावा, आणि माझ्या जर्नलमधल्या आकृत्या कुणी माझ्याआधी जीटी मारायला नेल्या तर त्यातली तिसरी चुकलेली आहे.